अळ्या मरतील

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलल्या. बायकोचा भाऊ चाकूरहून पिशवीभर ओल्या शेंगा ठेवून गेला होता. ओट्यावर मधे पातेलं, एका अंगाला ती, एका अंगाला मी. दाणे पातेल्यात, टरफलं शेजारणीच्या शेळीसाठी टोपलीत. दिवस मावळायच्या वक्ताला आमच्या नांदेडच्या वस्तीत डास असे येतात की माणूस स्वतःलाच थोबाडीत मारून घेतो. मी दोन-तीन मारून घेतल्या आणि म्हणलं, "एक कॉइल लाव ना गं. सगळं जग लावून राहिलंय."

ती म्हणाली, "अळ्या मरतील."

मी सोलत राहिलो.

आता बघा, ती प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती. घरात पाळलेली एकही अळी नव्हती. शेंगांतून ज्या चार-दोन निघाल्या त्या तिनं स्वतः चिमटीत धरून कोंबडीपुढं टाकल्या. तरी ती म्हणाली आणि मी ऐकलं. हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही. इतकी वर्षं ऐकत आलो होतो की आपण ऐकतोय हेच कळेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. जेवून आडवी झाली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी म्हणलं, असंल. मला काय कळतंय.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली केली. पोत्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून अक्षर टिकलं, तेवढ्यावर हे लिहून राहिलो. चुकलं तर चुकलं.

माझी बायको प्रयोगशाळेत होती. असं सांगितलं की लोकांना वाटतं पांढरा कोट, चष्मा. तसं काही नाही. ती रोजंदारीवर लागली, पुढं कायम झाली. नांदेडच्या बाहेरच्या अंगाला शेतातल्या किडींची एक प्रयोगशाळा आहे, तिथं. किडी मारायला तिथं किडे पाळतात. मला हे समजायला लई दिवस लागले, म्हणून सरळ सांगतो.

कपाशीच्या बोंडात अळी होते. ती अंड्यातून येते. आता एक बारीक पाखरू असतं, मिठाच्या कणाएवढं. ते दुसऱ्याच्या अंड्यात आपलं अंडं घालतं. मग त्या अंड्यातून अळी निघतच नाही, पाखरूच निघतं. अशी पाखरं लाखांनी लागतात. त्यांना अंडी घालायला दुसऱ्या कोणाची तरी अंडी पाहिजेत. त्यासाठी धान्यातले पतंग पाळायचे. पतंगाच्या अळ्यांना खायला ज्वारीचा भरडा. अळीचा पतंग होतो, पतंगाची अंडी चाळून घ्यायची, डिंक लावून कागदावर पसरायची, त्यावर ती बारीक पाखरं सोडायची. मग तो कागद शेतकरी नेतो आणि तुकडे करून कपाशीच्या पानाखाली टाचतो.

तिनं पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी म्हणलं, "तुमी लोक येडे हाव. आमी मोंढ्यात ज्वारीला किडा लागू न्हाई म्हणून जीव टाकतो, अन् तुमी मुद्दाम लावता?"

"हाव," ती म्हणाली. "अन् पगार बी घेतो."

त्या खोलीचे नियम कडक होते. चप्पल बाहेर. बांगड्या वर सरकवून बांधायच्या. डोक्याला वासाचं तेल नको, तोंडाला पावडर नको, केसात गजरा नको. औषध मारलेल्या शेतातून आलेला माणूस आत नको. ज्वारीसुद्धा बिनऔषधाची लागायची, आणि तिथं माझं काम पडायचं. मोंढ्यात कुठल्या पोत्याला किडीच्या औषधाची गोळी लागलीय आणि कुठल्याला नाही, हे हमालाला वासावरून कळतं. ती म्हणायची, "अवो, चांगली बघून ठेवा, साहेब येऊन राहिले." मग साहेब जीप घेऊन यायचे आणि मी सांगीन ते पोतं उचलायचे. आमच्या अडत्याला माझा हेवा वाटायचा.

नोकरी लागली त्याच वर्षी तिनं तो नियम घरी आणला. आम्ही बौद्ध. घरात बुद्धाची तसबीर, रोज संध्याकाळी आई मेणबत्ती आणि उदबत्ती लावायची. एका संध्याकाळी बायकोनं उदबत्तीचा पुडा उचलून माळ्यावर ठेवला. आई बघतच राहिली.

"मामी," ती आईला म्हणाली, "मेणबत्ती चालते. उदबत्ती न्हाई चालत."

"कोणाला चालत न्हाई?"

"साहेबाला. लुगड्याला वास बसतो. त्या वासानं पाखरं मरतात. पाखरं मेली तर बीज जातंय."

बीज म्हणजे पहिल्या साहेबांनी आणलेली ती पाखरं. एकाच्या पोटी दुसरं, दुसऱ्याच्या पोटी तिसरं, अशी ती आजवर चालू आहेत. एक दिवस खंड पडला तर संपलं. आईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "साहेबाचा नियम म्हणजे मंग नियमच की." माझं म्हणणं आईनं कधी इतक्या पटकन ऐकलं नव्हतं.

मग कॉइल गेली. शेकोटी गेली. उरली माझी बिडी. मी बाहेर अंगणात ओढायचो, ती सदरा हुंगायची आणि काठीनं उचलून दोरीवर टाकायची, मेलेला साप टाकावा तसा. म्हणायची, "उद्या माझ्या हातून शेतकऱ्याचा कापूस जाईल. तुमच्या एका बिडीपायी." आता हमालाच्या बिडीवर शेतकऱ्याचा कापूस अवलंबून असणं ही काही लहान गोष्ट नाही. मी सोडली. कशी सोडली ते माझं मला माहीत. मोंढ्यात लोक विचारायचे, "का बे, डॉक्टरनं सांगितलं का?" मी छाती काढून सांगायचो, "डॉक्टर न्हाई, प्रयोगशाळेनं."

खरंच सांगतो, मला वाटायचं त्या प्रयोगशाळेत माझाही वाटा आहे. वर्तमानपत्रात कापूस चांगला आला असं छापून आलं की मी ते पान घडी करून घरी आणायचो.

ती गेली त्या दिवशी बायाबापड्या जमल्या. कोणीतरी गव्हाच्या पेल्यात उदबत्त्यांचा अख्खा जुडगा खोचून तिच्या उशाशी ठेवला. धूर तिच्या तोंडावरून जाऊन राहिला होता. मी उठलो, तांब्या घेतला आणि पेल्यात ओतला. गहू वाहून चटईवर आले. सगळी बसलेली माणसं उठून उभी राहिली.

माझा मुलगा लातूरला असतो, तिथं शिकवणीच्या पोरांच्या मेसमध्ये स्वयंपाकी आहे. तो नुकताच येऊन पोचला होता. त्यानं माझा हात धरला. "बाबा, काय करून राहिलात?"

"अळ्या मरतील," मी म्हणलं.

त्यानं तांब्या माझ्या हातून काढून घेतला. मागून कोणीतरी म्हणालं, "बसवा त्यांना. डोक्यात गेलंय."

पुण्यानुमोदनाला भंतेजी आले तेव्हाही मी उदबत्ती लावू दिली नाही. भंतेजी म्हणाले, फुलं पुरेत. त्यांना अडचण नव्हती. अडचण लातूरच्या पाहुण्यांना होती. जाताना रिक्षात बसता बसता एकजण बोलला, आणि मला ऐकू जावं म्हणूनच बोलला, "म्हाताऱ्यानं बायकोला उदबत्तीचा वास बी मिळू दिला न्हाई." मुलाचं तोंड उतरलं. ते माझ्या लई मनाला लागलं, त्या पाहुण्याचं बोलणं नाही, पोराचं तोंड.

वर्ष भरत आलं. मुलगा आणि सून कार्यक्रमाच्या तयारीला आधी येऊन राहिले. आल्या आल्या मुलानं विषय काढला.

"बाबा, आई गेली. आता कसल्या अळ्या? ह्या वेळी तिच्या तसबिरीपुढं उदबत्ती लागल."

"नियम हाय."

"कोणाचा नियम?"

"प्रयोगशाळेचा."

"प्रयोगशाळेतून आई कवाच निघाली. अन् आता जगातून निघाली." त्याचा आवाज चिरकला. मग तो खाली बसून म्हणाला, "एक सांगतो. इथं जमत नसल तर तसबीर लातूरला नेतो. कार्यक्रम माझ्या घरी. दरसाल. तिथं माझा नियम."

तसबीर न्यायची म्हणजे कायमची न्यायची, हे मला कळलं. त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं. आईपुढं दोन काड्या लावायच्या एवढंच तर तो मागत होता. पण मला हातातून काहीतरी ओढून नेल्यासारखं झालं. मी म्हणलं, "मी साहेबांकडून विचारून येतो. साहेब जे म्हणतील ते तू बी ऐक, मी बी ऐकतो."

"ऐकीन," तो म्हणाला.

पहिले साहेब भेटणार हे मला माहीत होतं, कारण दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेचा सोहळा होता. आता तिथं एक मॅडम मुख्य आहेत, वयानं तरुण. त्यांचा फोन आला होता. प्रयोगशाळेला इतकी वर्षं झाली, जुन्या लोकांचा सत्कार करतोय, काकू असत्या तर त्यांचा केला असता, आता तुम्ही या. मी हो म्हणलं होतं. पण मी काही शालीसाठी गेलो नाही. साहेबांच्या तोंडून नियम खरा आहे एवढं वदवून घ्यायचं आणि घरी यायचं, असं ठरवून गेलो.

मंडप मोकळ्या खळ्यावर घातला होता. कडेनं फळ्यांवर जुने फोटो. पहिल्या फोटोत नुसतं पत्र्याचं गोदाम. त्याच्यापुढं पहिले साहेब, काळे केस, आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. मी माझी शोधली. दुसऱ्या रांगेत होती. तोंड पदरानं झाकलेलं, नुसते डोळे. मला वाटलं लाजली असंल.

पुढच्या रांगेत मला बसवलं. बाजूला तिच्या बरोबरीच्या दोघी. त्या खोलीत बायांना माहेरच्या गावावरून हाक मारायची पद्धत होती. माझी ती चाकूरवाली. ह्या दोघी म्हणजे निलंगेवाली आणि कंधारवाली. निलंगेवाली जाड, बोलायला मोकळी, मधेच कानडी शब्द टाकणारी. कंधारवाली काटकुळी, हळू बोलणारी. दोघी मला दाजी म्हणतात.

मॅडमनी भाषण चांगलं केलं. गोदामात सुरुवात झाली तेव्हा मातीच्या कुंड्यांत अळ्या पाळल्या, उन्हाळ्यात खिडक्यांना ओले बारदाने बांधले, ते बायांनी दिवसभर भिजवत ठेवले. एका वैशाखात वीज गेली ती आलीच नाही, खोली तापली, पाखरं मरायला लागली. तेव्हा ह्याच बायांनी बीजाच्या बाटल्या टोपलीत भरून विहिरीत सोडल्या, पाण्याच्या वर हातभर, आणि वीज येईपर्यंत पाळीपाळीनं दोर धरून बसल्या. मंडपातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तो दोर मी मोंढ्यातून नेऊन दिला होता. निलंगेवालीनं मला कोपरानं ढोसलं, "दाजी, दोर तुमचाच न्हवं का?" मी मान हलवली. इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

पुढं मॅडम म्हणाल्या, मधे नवं बियाणं आलं, लोक म्हणाले आता बोंडअळी संपली, ही खोली बंद करा. कागद न्यायला कोणी येईना. तरी बायांनी पाखरं चालू ठेवली. मग अळी परत आली आणि शेतकरीही आले. बीज होतं म्हणून देता आलं.

मग दीपप्रज्वलन. पहिले साहेब आता लई म्हातारे, त्यांना दोघांनी धरून उठवलं. समई लावली. आणि एका माणसानं खिशातून उदबत्तीचा पुडा काढला, पाच-सहा काड्या एकदम पेटवल्या.

मी उभा राहिलो. "अवो! पाखरं मरतील!"

सगळा मंडप माझ्याकडं वळला. तो माणूस काड्या हातात धरून तसाच थांबला. मॅडम खाली उतरून आल्या. त्यांना राग आला नव्हता, घाबरल्या होत्या.

"काका, काय झालं?"

"उदबत्ती. बीज जाईल ना."

"अहो काका, खोली केवढी लांब आहे. तिकडं वारं जात नाही. बसा तुम्ही."

"पण कपड्याला वास बसतो. हे सगळे लोक मग आत जातील."

"आत कोणी जात नाही. जे जातात ते हात-पाय धुऊन, एप्रन घालून जातात."

"अन् घरी?"

"घरी काय?"

"घरी उदबत्ती लावायची न्हाई हा नियम. कॉइल न्हाई, बिडी न्हाई. तुमच्या प्रयोगशाळेचा."

मॅडमनी माझ्याकडं नीट बघितलं. "काका, असा नियम नाही. नियम खोलीपुरता आहे. घरचं आम्ही कोणाला कशाला सांगू?"

माझ्या बाजूला निलंगेवाली खाली बघून हालून राहिली होती. मला वाटलं रडते. ती हसत होती.

सत्कार झाला. माझ्या अंगावर शाल पडली, हातात रोपटं आलं, फोटो निघाला. त्या फोटोत माझं तोंड उघडं असणार. खाली उतरल्या उतरल्या मी निलंगेवालीला गाठलं. जेवणाच्या पत्रावळी घेऊन आम्ही तिघं खळ्याच्या कडेला बसलो.

"खरं सांग," मी म्हणलं. "नियम होता का न्हाई?"

"होता की. खोलीत."

"घरात?"

"अय्यो दाजी," ती म्हणाली, "घरात प्रत्येकीचा येगळा होता."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या सासूला मी सांगितलं, रातच्याला जागरण झालं की हात थरथरतो, अंडी फुटतात, साहेब कामावरून काढतात. त्या दिवसापासून सासू मला नऊ वाजता झोप म्हणायची. भांडी नणंद घासायची." तिनं कंधारवालीकडं बोट केलं. "हिनं तर कमालच केली. सांग की गं."

कंधारवाली लाजली. "जाऊ दे ना बाई."

"मी सांगते. हिचा नवरा प्यायचा. हिनं त्याला सांगितलं, दारूच्या वासानं पाखरं मरतात, पिऊन आलात तर भाईर झोपा. तो बिचारा अख्खा उन्हाळा अंगणात झोपला. मग एक दिवस तरातरा आला साहेबांना विचारायला. आमी खिडकीतून बघून राहिलो, सगळ्यांचे हातपाय गार. साहेबांनी त्याचं ऐकून घेतलं. एकदा खिडकीकडं बघितलं. अन् म्हणाले, 'हो. नियम आहे.'"

"साहेब म्हणाले?"

"स्वतः. तवापासून आमाला कोणाची भीती न्हाई राहिली. जे पाहिजे ते साहेबाच्या नावावर."

मला हसू आलं आणि त्याच घासाला राग आला. हातातला पुरीचा तुकडा मी पत्रावळीवर परत टाकला.

"मग माझी? ती बी खोटंच बोलली का मला? इतकी वर्षं?"

निलंगेवाली म्हणाली, "तुमच्या बिडीचा वास तिला सोसत नव्हता. सरळ सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं का?"

"नसतं ऐकलं."

"मंग?"

"पण बिडीसाठी उदबत्ती कशाला बंद करायची? माझ्या आईची उदबत्ती?"

निलंगेवालीनं आणखी एक पुरी घेतली. कंधारवाली पत्रावळीवर बोट फिरवत बसली होती. ती हळूच म्हणाली, "बिडीचं न्हवतं दाजी. दमाचं होतं."

"कोणाचा दम?"

"तिचा. पतंगाच्या पंखाची भुकटी उडते खोलीत. डोळ्यात, नाकात. आमाला शिंका यायच्या अन् जायच्या, तिला दम लागायचा. म्हणून तोंडाला पदर बांधायची. त्याच्यावर घरी धूर झाला की रातभर बसून काढायची. तुमाला सांगितलं असतं तर तुमी म्हणले असते, सोड नोकरी."

म्हणलो असतो. नक्की म्हणलो असतो. पण माझ्या शेजारी झोपणारी बाई बसून रात्र काढायची आणि मला कळलं नाही, हे कसं? मी हमाल माणूस, पडलो की मेल्यासारखा झोपायचो, हे खरं. पण इतका? मी कंधारवालीला म्हणलं, "तुझं चुकत असंल. तिला दमा न्हवता. डॉक्टरनं हृदय सांगितलं." ती म्हणाली, "असंल दाजी, मी काय डॉक्टर हाव का?"

मी साहेबांकडं गेलो. ते खुर्चीत बसून चहा बशीत ओतून पीत होते. मी पाया पडलो, सांगितलं मी कोण. मोंढ्यातला, ज्वारीवाला. त्यांना आठवेना. म्हणलं, चाकूरवालीचा नवरा. त्यांचे डोळे एकदम उघडले.

"शिंकणारी!"

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसलो.

"सगळ्यांत जास्त शिंकायची. मी तिला म्हणालो होतो, तुला बी-बियाण्याच्या खोलीत बदलून देतो, तिकडं त्रास नाही. नाही म्हणाली. म्हणाली, साहेब, त्या खोलीत काही जिवंत नाही." ते हसले. "बरी आहे ना ती?"

मी म्हणलं, "हाव. बरी हाय."

का म्हणलं मला माहीत नाही. त्यांना सांगून काय करायचं होतं. मग मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "साहेब, घरात धूर करायचा न्हाई, असा नियम तुमी घातला होता का?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "घातला असेल," म्हणाले. "त्या काळात आम्हालाच काही माहीत नव्हतं. पाखरं का मरतात, का जगतात, काही कळायचं नाही. रोज नवा नियम करायचो. घातलाही असेल." परत म्हणाले, "नसेलही."

आता ह्याच्यातलं मी काय धरू? मॅडम म्हणतात नियम नव्हता. निलंगेवाली म्हणते बिडी. कंधारवाली म्हणते दम. साहेब म्हणतात असेलही, नसेलही. प्रत्येकाकडं तिचा एक तुकडा होता आणि एकाचा दुसऱ्याला जुळत नव्हता. माझ्याकडं होती ती शिंकत नव्हती. का घरी आली की दाबून धरायची? इतकी वर्षं माणूस शिंक दाबू शकतं का?

रिक्षात मांडीवर रोपटं घेऊन बसलो आणि मला राग आला. म्हणलं, माझी बिडी फुकट गेली. मी शेतकऱ्यांच्या कापसासाठी सोडली होती. मोंढ्यात छाती काढून सांगितलं होतं. मग वाटलं, फुकट कशी, दमासाठी गेली. दम खरा असंल तर. आणि दम खरा असंल तर ती प्रयोगशाळा चांगली का वाईट? तिथली भुकटी हिच्या छातीत गेली, आणि तिथून निघ म्हणलं तर ही निघेना. मी आत्ता तिथंच टाळ्या वाजवून आलो. शाल घेऊन आलो. शाल परत द्यावी का? पण शाल माझी नाही, तिची आहे. तिनं घेतली असती. हसत हसत घेतली असती आणि त्या निलंगेवालीशेजारी बसून पुऱ्या खाल्ल्या असत्या. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, कुणाशी बोलताय?" मी म्हणलं, "गाडी बघ तू."

घरी मुलगा वाटच बघत होता. "काय म्हणाले साहेब?"

"थकलो रे. उद्या सांगतो."

सुनेनं शाल घडी करून ठेवली. मी जेवलो नाही, तिकडं खाल्लं होतं. पडल्या पडल्या तिच्या बाजूच्या भिंतीकडं बघितलं. उशी भिंतीला उभी लावून ती बसत होती का, हे भिंतीवरून काही कळत नव्हतं.

सकाळी सून चहा करून राहिली होती. मुलगा ओट्यावर बसून तंबाखूची पुडी फाडत होता. मी जाऊन त्याच्या बाजूला बसलो. तो थांबला.

"साहेब म्हणाले," मी म्हणलं, "नियम खरा हाय."

"खरा?"

"हाव. स्वतः घातलेला. घरात धूर करायचा न्हाई."

"पण आई आता..."

"मी विचारलं. म्हणाले, माणूस गेलं म्हणून नियम जात न्हाई."

असं कोणी म्हणालं नव्हतं. माझ्या तोंडातून हे इतकं सरळ आलं की मलाच नवल वाटलं. आतून सुनेचा चमच्याचा आवाज थांबला. मुलगा अंगणाकडं बघत होता. त्यानं शब्द दिला होता, तो मोडणारा नाही. शेवटी म्हणाला, "मंग तसबीर इथंच राहू दे. फुलं अन् मेणबत्ती."

"आणखी एक म्हणाले," मी म्हणलं.

"काय?"

"तंबाखू बी चालत न्हाई."

त्यानं पुडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तंबाखूचा कुठं धूर होतो, बाबा?"

"वासानं मरतात."

आत सून पदर तोंडाला लावून गॅसकडं वळली. हसली का काय ते मला दिसलं नाही. मुलानं पुडी खिशात घातली, उठला, फाटकाच्या बाहेर गेला आणि तिथं रस्त्यावर उभा राहून खाल्ली. सोडील असं मी म्हणत नाही. पण बाहेर जाऊन खाल्ली.

मी चहा घेतला, पिशवी घेतली आणि बाजारात फुलं आणायला गेलो. गुलाब बघितला, मोगरा बघितला, ठेवून दिला. एका टोपलीत ती मोठी, लांब दांड्याची, शहरी फुलं होती. मी एक उचलून नाकाला लावलं.

फुलवाली म्हणाली, "बाबा, त्याला वास न्हाई."

मी म्हणलं, "तसलीच दे."